विचारा तर खरं : संत्री जोडीनं न्या, वरचा एक रुपया नको

गेल्या अंकात मी माझगावच्या एका घरातल्या चिनी नववर्षाच्या जेवणाबद्दल चार ओळी लिहिल्या आणि त्यावर एवढे मेसेज आले की म्हटलं ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकू. यंदा त्यांचं वर्ष १७ फेब्रुवारी २०२६ ला, मंगळवारी लागतंय, तेव्हा ज्यांना कुठे जायचंय त्यांच्या हातात अजून थोडे दिवस आहेत. तुम्हाला हे सगळं कसं माहीत असं तिघा-चौघांनी विचारलंय, तर मी बॅलार्ड इस्टेटच्या एका शिपिंग ऑफिसात अकरा वर्षं काढली, बाजूच्या टेबलावरची मैत्रीण माझगावची, तिचे आजोबा दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून मुंबईत आलेले आणि घरात आजी तिथली कँटोनीज भाषा बोलणाऱ्या. त्या आजींच्या स्वयंपाकघरात बसून जे शिकले ते शिकले, बाकीचं वाचून आणि विचारून विचारून जमवलेलं.

भांडुपहून एक ताई विचारतात : मिस्टरांच्या ऑफिसात एक चिनी वंशाची सहकारी आहे, जन्मापासून मुंबईतच, मराठी फाडफाड बोलते. तिने आम्हाला आदल्या रात्रीच्या जेवणाला बोलावलंय. आम्ही भिंतीवरचं एक छान घड्याळ बघून ठेवलंय, ते चालेल का? घरात दोन लहान मुलं आहेत, पाकीट द्यायचं का, किती घालायचे? आणि मी शाकाहारी आहे, तर माझं काय?

ताई, आधी ते घड्याळ दुकानातच राहू द्या. घड्याळ भेट देणं याला चिनीत ‘सोंग चोंग’ म्हणतात आणि मरणाऱ्या माणसाचं शेवटचं सगळं करणं यालाही हुबेहूब तोच उच्चार, त्यामुळे घड्याळ कितीही भारी असलं तरी घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या कानाला काय ऐकू येईल ते तुम्हीच बघा. त्यांच्या भाषेत एकाच उच्चाराचे ढीगभर शब्द आहेत आणि ह्या सणातल्या अर्ध्याअधिक चालीरीती त्या उच्चारांवरच उभ्या आहेत, एवढं एक डोक्यात ठेवलंत ना की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

फुलं न्यायची असतील तर पांढरी नकोत. हे मी अनुभवाने सांगतेय. पहिल्या वर्षी मी दादरच्या फुलबाजारातून निशिगंधाचा मोठा गुच्छ घेऊन गेले होते, आपल्याकडे लग्नाला निशिगंध, सत्काराला निशिगंध, मला त्यात काही वावगं वाटलंच नाही, आणि त्यांच्यात पांढरी फुलं म्हणजे अंत्यविधीची. आजींनी गुच्छ दोन्ही हातांनी घेतला, मला आत नेऊन बसवलं, चहा दिला. निघताना बघितलं तर गुच्छ गॅलरीत बादलीत ठेवलेला होता आणि देठांना कोणीतरी लाल रिबीन गुंडाळली होती. मला एका शब्दाने कोणी बोललं नाही, दोन वर्षांनी मीच विषय काढला तेव्हा कळलं. अजून ती लाल रिबीन आठवली की पोटात कालवतं. कपड्यांचंही तेच, पांढरा आणि काळा टाळा, लाल साडी असेल तर फारच छान.

मग न्यायचं काय, तर संत्री. नागपूरची संत्री ह्या दिवसांत बाजारात असतातच, पानं-देठ असलेली मिळाली तर बघा, आणि जोडीच्या हिशोबानं घ्या, सहा किंवा आठ, पण चार नको. कँटोनीजमध्ये ह्या फळाला ‘गाम’ म्हणतात आणि सोन्यालाही ‘गाम’, म्हणजे तुम्ही संत्री नाही, सोनंच घेऊन चाललात. निघताना घरची माणसं त्यातली दोन संत्री परत तुमच्या हातात ठेवतील, ती घ्यायची, आपण शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाही ना, तसं.

आता पाकीट. लाल पाहिजे, आणि आपली ती वरचा एक रुपया घालायची सवय इथे बाजूला ठेवायची. आपल्याकडे १०१, ५०१ म्हणजे शुभ, त्यांच्याकडे विषम आकडा दुखवट्याच्या पाकिटात जातो, शुभाला सम आकडा. २०० चालतील, ६०० चालतील, ८०० तर उत्तमच कारण आठाचा उच्चार भरभराटीच्या शब्दाच्या जवळ जातो, फक्त ४० आणि ४०० नको, चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ एकच आहे. नोटा कोऱ्या हव्यात, बँकेतून आधीच आणून ठेवा. तुमचं लग्न झालंय म्हणून तुम्ही द्यायचं, लग्न न झालेल्यांनी घ्यायचं, अशी त्यांची साधी वाटणी आहे, मग ती मुलगी तिशीची का असेना. देताना दोन्ही हातांनी, घेणाराही दोन्ही हातांनी घेतो आणि तुमच्यासमोर उघडत नाही, त्यामुळे ‘अगं उघडून बघ ना’ म्हणायचं नाही. ह्या पैशाला ‘या स्वे छ्येन’ म्हणतात, वर्ष दाबून ठेवायचे पैसे. ‘स्वे’ म्हणजे वर्ष आणि ‘स्वे’ म्हणजे भूतबाधाही, म्हणून मुलाच्या उशीखाली पाकीट ठेवलं की बाधा तिथेच दबली. पूर्वी लाल दोऱ्यात ओवलेली नाणी द्यायचे.

जेवणात एक अख्खा मासा नक्की असेल, डोक्या-शेपटीसकट. मासा म्हणजे ‘यू’ आणि शिल्लक म्हणजेही ‘यू’, दरवर्षी काहीतरी उरावं म्हणून तो मुद्दाम पूर्ण संपवत नाहीत. तेव्हा मिस्टरांना सांगून ठेवा, पापलेट कितीही चांगलं झालेलं असलं तरी शेवटचा तुकडा त्यांनी उचलायचा नाही. तुम्ही शाकाहारी म्हणून अजिबात संकोच करू नका, फक्त आधी कळवा. बौद्ध मानणाऱ्या बऱ्याच कँटोनीज घरांत वर्षाच्या पहिल्या दिवशी मांसमच्छी खातच नाहीत, मशरूम, काचेसारख्या शेवया, सोयाच्या दुधाची वाळवलेली साय असं सगळं घालून एक भाजी करतात, आजींच्या हातची ती भाजी मी तीन-तीन वाट्या खायचे.

आणि हातून काही फुटलं तर घाबरू नका. एका वर्षी मैत्रिणीच्या भाच्याच्या हातून वाडगा निसटला, फरशीवर चार तुकडे, पोराचा चेहरा रडवेला झाला आणि त्याच क्षणी टेबलावरची सगळी मोठी माणसं एका सुरात काहीतरी म्हणाली. आजींनी मला अर्थ सांगितला, जमिनीवर पडलं आणि फूल उमललं, आता घरात वैभव येणार. मँडरिन, म्हणजे चीनची मुख्य भाषा, बोलणारे वेगळं म्हणतात, ‘स्वे स्वे फिंग आन’, फुटण्यालाही ‘स्वे’च म्हणतात म्हणून वर्षानुवर्षं सुखाची जावोत. पोराला कोणी ओरडलं नाही, तुकडे लाल कागदात गुंडाळून बाजूला ठेवले.

एक शेवटचं, ही आदल्या रात्रीची पंगत घरच्यांची असते, लांबलांबून पोरं त्या एका जेवणासाठी घरी येतात. त्या रात्री बाहेरच्या माणसाला बोलावलंय म्हणजे त्यांनी तुम्हाला घरचं धरलंय, तेव्हा उशीर करू नका.

डोंबिवलीहून एक निवृत्त शिक्षक : त्यांचं नववर्ष दरवर्षी सरकतं. गेल्या वर्षी २९ जानेवारीला होतं, यंदा १७ फेब्रुवारी. हे चांद्र वर्ष असेल तर मागे सरकायला हवं, पुढे कसं गेलं?

काका, तुमचा प्रश्न वाचून मला खूप आनंद झाला, कारण ह्याचं उत्तर आपल्या पंचांगातच आहे. त्यांचा महिना अमावास्येच्या दिवशी सुरू होतो, म्हणजे जवळपास आपल्या अमान्त, अमावास्येला महिना संपवणाऱ्या पद्धतीसारखाच. चंद्राची बारा महिन्यांची बेरीज सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवसांनी कमी पडते, ती भरून काढायला आपण अधिक मास धरतो आणि तेही धरतात, दोघांचा हिशोब १९ वर्षांत ७ असाच. एवढंच नाही, नियमसुद्धा एकाच वळणाचा आहे, ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत पडत नाही तो आपला अधिक, आणि त्यांनी सूर्याच्या वाटेचे जे बारा मुख्य टप्पे मानलेत त्यातला एकही ज्या महिन्यात पडत नाही तो त्यांचा अधिक.

फरक पडतो तो सूर्य मोजण्यात. आपण निरयन, म्हणजे तारे धरून मोजतो, आपली मकरसंक्रांत १४ जानेवारीला, ते सायन, म्हणजे ऋतू धरून मोजतात, त्यांचा तो टप्पा २१-२२ डिसेंबरलाच येतो. त्यामुळे अधिक महिना दोघांकडे वेगवेगळ्या वेळी येतो. २०२५ मध्ये त्यांनी सहावा महिना दोनदा धरला, आपला अधिक ज्येष्ठ यंदा १७ मेपासून आहे. म्हणून झालं काय, तर २०२५ चं त्यांचं नववर्ष पौष अमावास्येला आलं, प्रयागराजच्या कुंभात मौनी अमावास्येचं स्नान झालं तोच दिवस, आणि यंदाचं येतंय माघ अमावास्येला, महाशिवरात्रीनंतर दोन दिवसांनी. गेल्या वर्षी त्यांच्या नववर्षापासून गुढीपाडवा दोन महिने लांब होता, यंदा एकच महिना, १९ मार्चला. ढोबळ नियम असा की डिसेंबरातला तो सर्वांत छोटा दिवस झाला की त्यानंतरची बहुतेक दुसरी अमावास्या, म्हणून तारीख साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या आतच फिरते.

आणि आपल्यासारखंच त्यांचंही ६० वर्षांचं चक्र आहे. आपण प्रभव, विभव म्हणत ६० संवत्सरं मोजतो, ते दहा आणि बारा अशा दोन माळा एकत्र फिरवतात, तर तीच जोडी पुन्हा जुळायला ६० वर्षं लागतात. बाराची माळ म्हणजे ज्यांच्या नावाने वर्षं ओळखतात ते बारा प्राणी. यंदाचं वर्ष अग्नी-घोड्याचं, मागचं असं वर्ष १९६६ ला लागलं होतं.

ठाण्याहून एक आई : मुलाचा जन्म २२ जानेवारी २०१४ चा. २०१४ घोड्याचं वर्ष म्हणजे यंदा त्याचं वर्ष ना? मैत्रीण म्हणते त्याला लाल घालायचं.

नाही हो, तुमचा मुलगा सापाच्या वर्षातला. घोड्याचं वर्ष ३१ जानेवारी २०१४ ला सुरू झालं, तो नऊ दिवस आधी जन्मला. जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेल्यांचं नेहमी असं होतं, नुसत्या सालावरून बघायचं नाही. लाल घालण्याचं मात्र मैत्रीण बरोबर बोलतेय, आपल्या प्राण्याचं वर्ष आलं की ते सांभाळून काढायचं वर्ष मानतात आणि वर्षभर अंगावर काहीतरी लाल ठेवतात, पट्टा, मोजे, मनगटाला दोरा. ते यंदा लागू आहे घोड्यावाल्यांना, तुमच्या मुलाचं गेल्या वर्षी लागलं होतं, ते १६ फेब्रुवारीला संपतंय.

लोहार चाळीतून एक दुकानदार : माझा लाइटिंगचा माल चीनमधून येतो. सप्लायर म्हणतो ‘न्यू इयरनंतर’. नक्की कधीनंतर ते सांगा.

दादा, यंदा त्यांची सरकारी सुट्टी १५ ते २३ फेब्रुवारी, नऊ दिवस, पण तुम्ही त्यावर विसंबू नका. कारखान्यातले कामगार शेकडो मैल लांबच्या गावचे असतात, ते सुट्टीच्या आठवडाभर आधीच निघतात, ह्या प्रवासाचा हंगामच ४० दिवसांचा धरतात, आपल्याकडे गणपतीत कोकणात जायला जी रेटारेटी होते ती सगळ्या देशात एकदम झाली तर कशी, तशी. पंधराव्या दिवशी कंदिलांचा सण असतो, यंदा ३ मार्चला, फाल्गुन पौर्णिमेला, बरेच जण तो करूनच परततात. तेव्हा पूर्ण जोरात काम मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरून चाला.

दुसरं, जुनं बिल बाकी असेल तर ते १६ तारखेच्या आत चुकतं करा. वर्ष संपायच्या आत देणी फेडायची ही त्यांच्याकडची फार जुनी रीत आहे, आणि पहिल्या दिवशी कोणाकडे पैशाचा तगादा लावणं अत्यंत वाईट समजतात, म्हणजे १७ ला ‘माझा माल कुठेय’ असा मेसेज टाकू नका, शुभेच्छा टाका. ‘गोंग शी फा छाय’ लिहा, अभिनंदन, भरपूर कमवा असा अर्थ, धंद्यातल्या माणसाला धंद्यातल्या माणसाने म्हणावं असंच आहे ते. ग्वांगडोंगचा असेल तर ‘गोंग हेइ फात चोइ’. दुकानं-कारखाने बरेचदा आठव्या दिवशी पुन्हा उघडतात, आठ आकडा म्हणून, आणि मालक त्या दिवशी प्रत्येक कामगाराच्या हातात लाल पाकीट ठेवतो.

पार्ल्याहून एक कॉलेजची विद्यार्थिनी : मॉलमध्ये दारावर चिनी अक्षर चक्क उलटं लावलेलं. मी सांगितलं तर कोणी लक्षच दिलं नाही.

ते मुद्दाम उलटं असतं. अक्षर ‘फू’, म्हणजे भाग्य, कृपा. उलटं होणं म्हणजे ‘दाओ’ आणि येऊन पोचणं म्हणजेही ‘दाओ’, मग कोणीतरी बघून म्हणतं ‘फू उलटं झालं’ आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं ‘भाग्य आलं’. तू बोललीस तेच खरं तर अपेक्षित होतं. काही घरांत मुख्य दारावर मात्र सरळच लावतात, उलटं आतल्या दारांवर किंवा तांदळाच्या डब्यावर.

गिरगावातून एक आजी : त्यांच्यातही आपल्या दिवाळीसारखी घर झाडायची पद्धत आहे म्हणतात, खरं का?

आजी, खरंच, आणि तुम्हाला त्यातलं जेवढं कळेल तेवढं आम्हालाही कळणार नाही. वर्ष संपायच्या आठवडाभर आधी चुलीच्या देवाचा दिवस असतो, उत्तरेत शेवटच्या महिन्याच्या तेविसाव्याला, दक्षिणेत चोविसाव्याला, म्हणजे यंदा १० आणि ११ फेब्रुवारी. चुलीच्या वर भिंतीवर ह्या देवाचं कागदी चित्र वर्षभर लावलेलं असतं, तो घरात कोण काय बोललं, कोण कसं वागलं ते सगळं बघतो आणि ह्या दिवशी वर जाऊन देवांच्या राजाला हकिगत सांगतो. म्हणून जायच्या आधी त्याला चिकट गोड खायला देतात, ओठांना मध लावतात, म्हणजे गोडच बोलेल किंवा तोंड चिकटून बोलताच येणार नाही. मग चित्र जाळून त्याला रवाना करतात आणि नववर्षाला नवीन चित्र लावतात. माझ्या मैत्रिणीच्या आजी बोटावर मध घेऊन त्या कागदावरच्या ओठांना इतक्या हळूच लावायच्या, जसं तान्ह्या बाळाला चाटवतोय.

तो गेला की घराची झाडलोट, जळमटं, भांडी, गाद्या सगळं. आणि वर्ष लागलं की केरसुणीला हात लावायचा नाही, केराबरोबर लक्ष्मीही बाहेर जाईल म्हणून. आपण तिन्हीसांजेला केर काढत नाही त्यातलंच हे. बरेच जण पाचव्या दिवशी साठलेला केर बाहेर टाकतात, उत्तरेकडे त्याला दारिद्र्याला निरोप देणं असंच म्हणतात, फटाके लावतात. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाच्या रात्री केरसुणीने केर काढून, सूप वाजवून अक्काबाईला बाहेर काढायचे ना, मला तर ते ऐकून अंगावर काटा आला होता.

आणि दुसरा दिवस लेकींचा. लग्न झालेली मुलगी पहिला दिवस सासरी काढते, दुसऱ्या दिवशी नवऱ्या-पोरांना घेऊन माहेरी.

मुलुंडहून एक बाबा : मुलीच्या शाळेत ‘चायनीज न्यू इयर डे’ आहे. डब्यात मंचुरियन देतोय, आणि ड्रेस कसा करू?

मंचुरियन चवीला छानच, पण ते मुंबईचं आहे, नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये इथे क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलेलं, त्याचं श्रेय त्यांनाच देतात. सणाचंच करायचं तर ‘ज्याओझ’ करा, उत्तर चीनमधल्या घराघरांत आदल्या रात्री सगळे मिळून करतात. मैद्याची छोटी पुरी लाटायची, कोबी-गाजर-आलं बारीक चिरून भरायचं, मिटवून कडेला मुरड घालायची, उकडायचं. करंजी येणाऱ्या घरात हे पहिल्याच दिवशी जमतं. आकार त्यांच्या जुन्या सोन्या-चांदीच्या लगडीसारखा, म्हणून शुभ. ड्रेस म्हणून लाल फ्रॉक पुरे. डोळ्यांना पेन्सिलने तिरक्या रेघा मात्र अजिबात ओढू नका, शाळेने सांगितलं तरी नाही म्हणा. माझ्या मैत्रिणीने आयुष्यभर लोकल ट्रेनमध्ये तिच्या डोळ्यांवरून शब्द ऐकलेत, ह्याच शहरात जन्मून, आणि ती वेदना मी बाजूला उभं राहून बघितलीये.

परळहून एक वाचक : मुंबईत चिनी देऊळ आहे असं ऐकलं. आपण जाऊ शकतो का?

जाऊ शकता. माझगावला नवाब टँक रोडवर, हार्बरच्या डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत. नाव सी यप कून, १९१९ मध्ये बांधलेलं. सी यप म्हणजे चार तालुके, ग्वांगडोंगच्या त्या चार तालुक्यांतून बोटींवर, गोदीत कामाला आलेल्या लोकांनी ते उभं केलं. खाली करुणेची देवी क्वान यिन, वरच्या मजल्यावर क्वान कुंग, म्हणजे जुन्या चीनमधल्या तीन राज्यांच्या काळातला सेनापती ग्वान यू, लाल चेहऱ्याचा, दिलेल्या शब्दाला जागणारा म्हणून देवपण मिळालेला. बाहेरून साधं घर वाटतं, शोधताना दोनदा पुढे निघून जाल.

एके काळी कामाठीपुऱ्यात शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास चिनी वस्ती होती, दातांचे डॉक्टर, चपला-बूट बनवणारे, हॉटेलवाले. १९६२ च्या युद्धानंतर देशातल्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवलीच्या छावणीत डांबलं, अनेक जण मग देश सोडून गेले, मुंबईची वस्तीही विरत गेली. आता थोडी घरं उरलीत, ती ह्या रात्री देवळात एकत्र येतात.

१६ तारखेच्या रात्री बाराला दर्शनाला गर्दी असते, लाल मेणबत्त्या, उदबत्त्यांचा धूर इतका की डोळे चुरचुरतात. सिंहाचा नाच बघायला मिळाला तर एका सिंहात दोन माणसं असतात, पुढचा डोकं सांभाळतो, मागचा पाठ. दारात लाल पाकिटासोबत सॅलडच्या पानांचा गड्डा टांगलेला असतो, सिंह तो तोंडात घेतो, चावतो आणि पानं फाडून लोकांवर उधळतो, कारण कँटोनीजमध्ये त्या भाजीचा उच्चार आणि पैसा होणं याचा उच्चार सारखा. अंगावर पान पडलं तर झटकू नका.

जाताना गप्पा हळू आवाजात, पूजा करणाऱ्याच्या तोंडासमोर मोबाईल धरू नका, फोटोला आधी तिथल्या सांभाळणाऱ्यांना विचारा. दोन संत्री न्या, ठेवा, नमस्कार करा. आणि परतीची शेवटची हार्बर किती वाजता आहे ते आधीच बघून ठेवा, त्या वेळी त्या गल्लीत टॅक्सी पटकन मिळत नाही.